झांडफोर्टला धावत्या गाड्यांचे फोटो कसे काढावेत?

मुलांनो, एखादी गाडी ताशी १८० कि.मी. वेगाने धावत असेल, तर एका सेकंदात ती किती पुढे जाईल? मराठीच्या वर्गात गणित कशाला, असे म्हणू नका. १८० ला ३.६ ने भागा. उत्तर येते ५० मीटर. म्हणजे तुम्ही तोंडाने ‘एक’ म्हणेपर्यंत ती गाडी पोहण्याच्या मोठ्या तलावाच्या या टोकाहून त्या टोकाला पोहोचली! आणि शर्यतीच्या गाडीला हा वेग काही फार नव्हे. झांडफोर्टच्या सर्किटची एक फेरी ४.२५९ कि.मी.ची आहे. २०२१ च्या शर्यतीत लुईस हॅमिल्टनने ती १ मिनिट ११.०९७ सेकंदांत पूर्ण केली. भागाकार करून पाहा. सगळी वळणे धरून सरासरी सेकंदाला जवळजवळ ६० मीटर येते.

आपल्या वर्गातील बऱ्याच मुलांना या गाड्यांचे वेड आहे. भारतात आजी-आजोबांना दाखवायला फोटो हवे असतात, म्हणून सर्किटवर जाताना बाबांचा कॅमेरा गळ्यात पडतो. घरी आल्यावर दोनच प्रकारच्या तक्रारी ऐकू येतात. एक, ‘गाडी पुसट आली’. दुसरी तक्रार जरा मजेशीर असते: ‘गाडी एकदम स्पष्ट आली आहे, पण ती उभीच आहे असे वाटते’. आमच्या कन्येचे पहिल्या खेपेचे सर्व फोटो या दुसऱ्या प्रकारचे होते. टायरवरील अक्षरे वाचता येत होती, मागच्या कुंपणाच्या तारा मोजता येत होत्या, आणि आजोबांनी दूरध्वनीवरून विचारले, “या गाड्या पार्किंगमध्ये आहेत का गं?”

आजोबांचा प्रश्न अगदी बरोबर होता. फोटो हा स्थिर असतो. त्यात वेग दिसावा असे वाटत असेल, तर चित्रातील काहीतरी हललेले दिसले पाहिजे. गाडी हललेली दिसून चालत नाही, कारण मग काहीच ओळखू येत नाही. तेव्हा हलायला हवे ते बाकीचे जग: मागची माणसे, कुंपण, गवत, आणि गाडीची फिरती चाके. ही किमया कॅमेऱ्याच्या किमतीवर अवलंबून नसते. ‘कोणता कॅमेरा घेऊ?’ असे पालक मला विचारतात, तेव्हा मी उलट विचारतो, ‘शटर किती ठेवता?’

शटर म्हणजे कॅमेऱ्याची झडप. ती जितका वेळ उघडी राहील तितका वेळ आत प्रकाश येतो. १/१००० म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, १/१२५ म्हणजे सेकंदाचा सव्वाशेवा भाग. अपूर्णांकातला भाजक मोठा झाला की वेळ लहान होतो, हे शाळेत शिकला आहातच.

आता पोस्टकार्डाएवढा, १५ सें.मी. रुंदीचा फोटो डोळ्यांसमोर आणा. गाडीच्या पुढे-मागे थोडी जागा सोडून फोटोत रस्त्याचा साडेसात मीटर भाग मावला आहे असे धरू. साडेसात मीटरचे पंधरा सेंटिमीटर झाले, म्हणजे पन्नासास एक असे प्रमाण. या प्रमाणाने आपले सर्व हिशेब होतील.

कॅमेरा स्थिर धरला, गाडी आडवी ताशी १८० ने गेली, आणि शटर १/१००० ठेवले. झडप उघडी असताना गाडी ५ सें.मी. सरकली. फोटोत हे झाले १ मि.मी. आपल्या डोळ्याला वाचनाच्या अंतरावरून मिलिमीटरच्या पाचव्या भागाचा पुसटपणाही जाणवतो. म्हणजे ज्या १/१००० ला सर्वजण ‘फार जलद’ समजतात, तेही कॅमेरा स्थिर असल्यास पुरे पडत नाही! त्यासाठी १/५००० हवे. मग लोकांचे फोटो स्पष्ट कसे येतात? कारण गाडी आली की माणूस नकळत कॅमेरा तिच्याबरोबर फिरवतो. तिला चौकटीत ठेवायचे तर तसे करावेच लागते.

हे नकळत होणारे काम आपण जाणूनबुजून केले की त्याला पॅनिंग म्हणतात. कॅमेरा गाडीच्या चालीने फिरला तर कॅमेऱ्याच्या दृष्टीने गाडी थांबलेली असते, आणि सगळे जग उलट दिशेला पळत असते. आगगाडीच्या खिडकीतून शेजारच्या रुळावरची, त्याच वेगाने जाणारी गाडी पाहिली आहे ना? तोच प्रकार.

आता शटर बदलत जाऊ. १/१००० ला मागचे जग फोटोत १ मि.मी. सरकते. १/५०० ला २, १/२५० ला ४ आणि १/१२५ ला ८ मि.मी. १/६० ला सुमारे १७ आणि १/३० ला ३३ मि.मी.! एक मिलिमीटर सरकलेली माणसे अजून माणसांसारखीच दिसतात, म्हणून गाडी उभी वाटते. आठ मिलिमीटर सरकली की त्यांचे रंगीत पट्टे होतात आणि गाडी धावू लागते. तेहतीस मिलिमीटरला तर मागे नुसता रंगाचा फराटा उरतो.

चाकांचेही असेच आहे. शर्यतीच्या गाडीचे चाक सुमारे ७० सें.मी. व्यासाचे असते. त्याचा परीघ झाला २.२ मीटर. सेकंदाला ५० मीटर जायचे तर चाकाला सेकंदात सुमारे २३ वेळा फिरावे लागते. १/१००० सेकंदात ते फक्त ८ अंश फिरते, म्हणून अक्षरे वाचता येतात. १/१२५ सेकंदात फिरते सुमारे ६५ अंश. मग अक्षरांचे गोल कडे बनते आणि चाक खरोखर गरगरताना दिसते.

एवढे वाचून कोणीही म्हणेल, मग १/३० च ठेवू की! इथे आपला हात आडवा येतो. कोणाचाही हात गाडीच्या चालीशी तंतोतंत जुळत नाही. समजा, तुमचा हात शंभरात पाच भाग चुकतो. मग मागचे जग जितके सरकते त्याच्या विसावा भाग गाडीही पुसट होणार. १/२५० ला हा पुसटपणा ०.२ मि.मी., म्हणजे डोळ्याला जेमतेम कळेल इतका. १/१२५ ला ०.४ मि.मी. हा जरा जाणवतो, पण चालतो. १/३० ला मात्र दीड मिलिमीटरच्या पुढे जातो आणि गाडी वाया जाते. लक्षात घ्या, स्पष्ट गाडी आणि पुसट मागचा भाग यांचे एकमेकांशी असलेले प्रमाण कॅमेऱ्यातून बदलता येत नाही. ते तुमच्या हाताने ठरते. शटरने ठरतो तो फक्त दोन्हींचा आकार. म्हणून कोणाच्या तरी पुस्तकातला आकडा तुमच्या कामाचा नाही. तुमच्या हाताला पेलेल असे सर्वांत सावकाश शटर कोणते, हे तुम्हालाच शोधायचे आहे.

सुरुवात कुठून करावी यासाठी माझा एक सोपा ठोकताळा आहे. गाडीचा ताशी कि.मी.मधला वेग जितका, साधारण तितकाच भाजक. ताशी १८० ला १/१८० च्या आसपास, वळणावर ताशी ९० ने जाणाऱ्या गाडीला १/९० च्या आसपास. असे केले की वेग कोणताही असो, शटर उघडे असताना गाडी नेहमी सुमारे २८ सें.मी. पुढे जाते आणि परिणाम सारखाच मिळतो. (का, ते मोठ्या मुलांनी ३.६ या आकड्याकडे पाहून शोधून काढावे.) हे जमेना तर भाजक दुप्पट करा, जमले तर निम्मा करून पाहा. आम्ही संगणकवाले चूक शोधताना असेच निम्मे-निम्मे करत जातो. हात कुठे गळपटतो ते चार-पाच प्रयत्नांत कळते.

आणि प्रयत्न करायला सर्किटवर भरपूर वाव असतो. २०२१ पासून झांडफोर्टची डच ग्रां प्री ७२ फेऱ्यांची ठेवली गेली. एकाच जागी उभे राहिलात तर एकच गाडी, ती शर्यतीत टिकली तर, ७२ वेळा समोरून जाते. शिवाय आदल्या दिवसांचे सराव असतात. तेव्हा माझा सल्ला असा: पहिल्या काही फेऱ्या १/१००० वर काढाव्यात. ते फोटो उभ्या गाडीसारखे दिसतील, पण घरी दाखवायला काहीतरी हाती लागेल. त्यानंतर १/५००, १/२५०, १/१२५ असे एकेक पायरी उतरत जावे. १/६० ला दहात एक जमला तरी आनंद मानावा. आम्ही लहान असताना रोलमध्ये ३६ फोटो असत, धुऊन आणायला पैसे पडत, आणि घरात जर आग्फाचा क्लिक थ्री असेल तर शटरचा वेग बदलण्याची सोयच नसे. आज एक फोटो वाया गेल्याने काही बिघडत नाही. या सवलतीचा फायदा न घेता दिवसभर १/२००० वर बसून राहणे मला तरी पटत नाही.

सराव करायला झांडफोर्टपर्यंत जायचीही गरज नाही. आपण सायकलींच्या देशात राहतो! पन्नास मीटर अंतरावरून ताशी १८० ने जाणारी गाडी आणि पाच मीटर अंतरावरून ताशी १८ ने जाणारी सायकल, यांच्यामागे कॅमेरा फिरवताना हाताला लागणारा वेग अगदी सारखाच असतो. वेग दहापट कमी, अंतरही दहापट कमी. त्रिकोण काढून पाहा, पटेल. म्हणून शनिवारी दुपारी आईला, दादाला किंवा ताईला घराजवळच्या मोकळ्या रस्त्यावर सायकलवरून दहा-वीस चकरा मारायला सांगा. (अनोळखी लोकांवर सराव करू नये, ते त्यांना आवडत नाही आणि ते रास्तही आहे.) सायकल जवळ असल्याने झूम कमी ठेवावा लागतो आणि चौकटीत सुमारे अडीच मीटर जागा मावते. त्या हिशेबाने गाडीच्या १/१२५ चा परिणाम सायकलवर १/४० ला मिळेल. एक तास असा सराव केलेले मूल सर्किटवर पहिल्या गाडीपासून तयार असते. जत्रेच्या दिवसांत गावी गेलात तर बैलगाडा शर्यतीला हीच युक्ती वापरा, मात्र आडोशाच्या मागे उभे राहून. तिथे एक वेगळी गंमत आहे. बैलांचे पाय वर-खाली होतात, त्यामुळे १/६० ला पाय पुसट आणि वशिंड व शिंगे त्या मानाने स्पष्ट, असे झकास चित्र मिळू शकते.

उभे कसे राहावे? फोटो जिथे काढायचा त्या जागेकडे पावले रोखावीत आणि गाडी येते त्या बाजूला फक्त कमरेतून वळावे. पावले आधीच गाडीकडे रोखली तर शेवटी अंगाला पीळ बसतो आणि हात अडखळतो. कोपरे अंगाला चिकटवून, डावा हात लेन्सखाली. गाडी दूर असतानाच तिला चौकटीत घ्या, तिच्याबरोबर फिरत या, समोर आली की बटण हळूच दाबा, आणि दाबल्यावरही फिरत राहा. फलंदाज चेंडू बॅटीला लागल्याबरोबर बॅट थांबवतो का? नाही ना. बटण दाबताना थांबणे हीच नवशिक्यांची सर्वांत मोठी खोड असते, आणि पुसट फोटोंचे पहिले कारणही तेच.

गाडीच्या कोणत्या भागावर नजर ठेवायची तेही आधी ठरवावे. चालकाचे शिरस्त्राण उत्तम. गाडी लांब असते, आणि ती बरोबर समोर नसून थोडी तिरकी असेल तर तिचे नाक आणि शेपूट डोळ्याला वेगवेगळ्या गतीने सरकताना दिसतात. हात त्यांतल्या एकाशीच जुळू शकतो. म्हणून सावकाश शटरला नाक स्पष्ट आणि शेपूट पुसट असे होते. त्यात काही वाईट नाही, फक्त शिरस्त्राण स्पष्ट हवे.

आता कॅमेऱ्यावरील बाकीच्या खुंट्या. पद्धतीची चकती ‘एस’ या अक्षरावर ठेवा. काही कंपन्यांच्या कॅमेऱ्यांवर तिथे ‘टीव्ही’ लिहिलेले असते, त्याचा दूरदर्शनशी संबंध नाही. या पद्धतीत शटर तुम्ही ठरवता आणि अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधले लहान-मोठे होणारे भोक, कॅमेरा ठरवतो. आयएसओ, म्हणजे प्रकाशाला कॅमेरा किती संवेदनशील असावा ते, उन्हात १०० वर ठेवावे. फोकस ‘सतत’ या प्रकारावर ठेवावा, म्हणजे गाडी जवळ येईल तसा कॅमेरा फोकस बदलत राहील. जुन्या कॅमेऱ्यात हे नीट होत नसेल, तर पूर्वीच्या छायाचित्रकारांची रीत वापरा. गाडी जिथून जाणार त्या रस्त्यावरच्या एखाद्या खुणेवर आधीच फोकस करून तो हाताने पक्का करावा आणि गाडी तिथे आली की बटण दाबावे. गाड्या बहुधा दरवेळी एकाच मार्गाने जातात, त्यामुळे हे वाटते तितके अवघड नाही. लेन्समध्ये थरथर थांबवण्याची सोय असेल तर तिचा पॅनिंगसाठीचा वेगळा पर्याय आहे का ते पाहा. त्यात फक्त वर-खाली होणारी थरथर थांबवली जाते. तो पर्याय नसेल आणि चित्रे विचित्र येत असतील तर ती सोय बंदच करावी.

प्रकाशाच्या बाबतीत पालकांनी एक हिशेब जवळ ठेवावा. लख्ख उन्हात आयएसओ १०० असताना एफ १६ आणि १/१०० हे जुळते. हा फिल्मच्या काळातला नियम आजही खोटा ठरलेला नाही. उन्हात १/६० ठेवायचे म्हटले तर भोक एफ २० च्याही आसपास लहान करावे लागते. इतक्या लहान भोकाने चित्राची धार बोथट होते आणि कॅमेऱ्यातली धूळ ठिपक्यांसारखी दिसू लागते. उपाय म्हणजे लेन्सवर करडी काच लावणे. डोळ्यांना गॉगल, तशी लेन्सला ही काच. तीन पायऱ्या प्रकाश कमी करणारी काच पुरते. पण आकाश ढगाळ असेल तर तेच गणित एफ ८ आणि १/१०० असे सुटते, काचेशिवाय! इथल्या ज्या आभाळाबद्दल आपण वर्षभर कुरकुर करतो, ते पॅनिंगला फार सोयीचे आहे. उलट ढगाळ दिवशी १/१००० चा हट्ट धरला तर एफ ८ ला आयएसओ १००० करावे लागते आणि चित्रात कण दिसू लागतात.

पाऊस आला तरी कॅमेरा लगेच पिशवीत टाकू नका. २०२३ च्या डच ग्रां प्रीत पावसामुळे शर्यत मध्येच थांबवावी लागली होती. ओल्या रस्त्यावर चाकांमागे पाण्याचा पिसारा उठतो. तो स्वतःच वेग सांगत असल्याने अशा वेळी १/५०० सुद्धा चालते.

गाडी थेट आपल्याकडे येत असेल तर मात्र वरचे सगळे गणित बदलते. ती आडवी सरकतच नाही, त्यामुळे पॅनिंग करायला काही उरत नाही आणि मागचे जगही पुसट होत नाही. तिथे खुशाल १/१००० ठेवा. वेग दाखवायचे काम गाडीच्या झुकण्यावर, वळलेल्या चाकांवर किंवा उडालेल्या वाळूवर सोपवा.

अशा फोटोंसाठी झांडफोर्टसारखी जागा नाही. हार्लेमच्या पश्चिमेला, उत्तर समुद्राच्या काठावर वाळूच्या टेकड्यांमध्ये वसलेले हे सर्किट १९४८ साली सुरू झाले. त्याचे संचालक जॉन हुगेनहोल्ट्झ यांनीच पुढे जपानमधील सुझुका सर्किटची आखणी केली. झांडफोर्टची जागतिक स्पर्धेतील शर्यत १९८५ नंतर बंद पडली. त्या वर्षी निकी लाउडा जिंकला होता. मग तब्बल ३६ वर्षांनी, २०२१ साली ती परत आली आणि घरचाच माक्स व्हेरस्टापेन जिंकला. त्या पुनरागमनासाठी हुगेनहोल्ट्झ यांचे नाव असलेले वळण आणि शेवटचे वळण वाडग्याच्या कडेसारखे सुमारे १८ अंशांनी तिरपे केले गेले. शेवटच्या वळणाला आरी लायनडाइक यांचे नाव आहे. अमेरिकेतील इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत १९९० आणि १९९७ साली जिंकणारे हे डच चालक.

या तिरप्या वळणांवर मुले हमखास कॅमेराही तिरपा धरतात, म्हणजे गाडी ‘सरळ’ दिसावी. तसे करू नये. कॅमेरा क्षितिजाशी सरळ ठेवा, गाडी तिरपी दिसू द्या. नाहीतर एवढा खर्च करून बांधलेला उतार फोटोतून नाहीसा होतो! पहिल्या वळणाचे नाव टार्झान. त्याची एक दंतकथा सांगतात की, टार्झान टोपणनावाच्या एका गावकऱ्याने आपला भाजीचा मळा सोडताना वळणाला आपले नाव द्यावे अशी अट घातली होती. खरे-खोटे टार्झानच जाणे. फोटोच्या दृष्टीने मात्र ते वळण पॅनिंग शिकायला चांगले. सरळ रस्त्यावरून भरधाव आलेल्या गाड्या तिथे जोरात ब्रेक लावतात, त्यामुळे एकाच जागी बसून जलद आणि मंद असे दोन्ही वेग मिळतात.

मध्ये जाळी आली तर घाबरू नका. लेन्स जाळीच्या जितकी जवळ नेता येईल तितकी न्यावी (सुरक्षारक्षक सांगतील त्या रेषेच्या अलीकडेच) आणि भोक मोठे, एफ ४ च्या आसपास ठेवावे. जाळी इतकी पुसट होते की दिसेनाशी होते. पॅनिंग करताना तर तिच्या तारा आपोआप पुसल्या जातात. वाळूच्या टेकडीवर उंच जागा मिळाली तर जाळीच्या वरूनच दिसते. पण वारा सुटला की बारीक वाळू उडते. अशा वेळी लेन्स बदलू नये, आतली वाळू काढायला पुढे बराच खर्च येतो.

फोन घेऊन जाणाऱ्यांसाठी दोन शब्द. फोनमध्ये उघडझाप करणारी झडप नसते. चित्र वरपासून खालपर्यंत ओळीओळीने वाचले जाते. समजा, पूर्ण चित्र वाचायला १/५० सेकंद लागला आणि गाडीने चौकटीची पाव उंची व्यापली आहे. मग गाडीचे छत वाचल्यापासून चाके वाचेपर्यंत ती २५ सें.मी. पुढे गेलेली असते! त्यामुळे फोटोत गाडी तिरकी आणि चाके अंड्यासारखी येतात. ज्या कॅमेऱ्यांत आवाज न करणारे इलेक्ट्रॉनिक शटर असते, त्यांतल्या बऱ्याच कॅमेऱ्यांतही हे होते. सर्किटवर साधे, टक्‌ असा आवाज करणारे शटरच निवडावे. हा दोष काही नवा नाही. १९१२-१३ च्या सुमारास विशीही न गाठलेल्या झाक आन्री लार्तीग या फ्रेंच तरुणाने एका मोटार शर्यतीचा फोटो काढला. त्याच्या कॅमेऱ्याची झडप म्हणजे काचेसमोरून सरकणारी एक फट होती, त्यामुळे चित्राचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या क्षणी टिपले गेले. गाडीचे चाक लंबगोल होऊन पुढे झुकले, आणि तो कॅमेरा फिरवत असल्याने मागची माणसे उलट बाजूला कलली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९६३ साली त्याच्या छायाचित्रांचे प्रदर्शन भरवले, आणि आज वेगाचे चित्र म्हटले की हाच फोटो पुढे केला जातो. मुलांनो, फोनमधले अंड्यासारखे चाक पुसून टाकण्याआधी एकदा हा फोटो शोधून पाहा.

फोनवर पॅनिंग करायचे असेल तर शटर स्वतः ठरवू देणारी पद्धत किंवा अ‍ॅप वापरावे लागते. तेही हाताने फिरवले की गाडी सरळ येते, कारण फोनच्या दृष्टीने ती थांबलेली असते. मागचे खांब तेवढे तिरके होतात.

पालकहो, खरेदीबद्दल माझे स्पष्ट मत आहे. एका दिवसासाठी महागडी लेन्स विकत घेऊ नये. आपल्या साडेसात मीटरच्या चौकटीला, पन्नास मीटर अंतरावरून, साध्या डिजिटल कॅमेऱ्यावर सुमारे १६० मि.मी. आणि मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २४० मि.मी.ची लेन्स पुरते. जुन्या, स्वस्त झूम लेन्स इतके सहज देतात. मोठी लेन्स आत नेता येते का, हे तिकिटावरील अटींत आधी वाचावे. त्याहून महत्त्वाची वस्तू म्हणजे मुलांसाठी कानावरचे आवाजरोधक. ते दिवसभर कानांवर हवेत, फोटो काढतानाही. जुन्या गाड्यांच्या शर्यतींचा आवाज तर आजच्या फॉर्म्युला वनपेक्षाही कानठळ्या बसवणारा असतो. गर्दीच्या दिवशी मोटारीने जाण्याचा विचारही करू नका. आम्स्टरडॅम सेंट्रालहून आगगाडीने झांडफोर्ट अर्ध्या तासावर आहे आणि स्टेशनपासून सर्किट पायी गाठता येते.

झांडफोर्टची २०२६ ची ग्रां प्री ही शेवटची असेल, असे संयोजकांनी डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले, तेव्हा वर्गातील काही चेहरे रडवेले झाले होते. पण सर्किटवर इतर शर्यतीही होतात, आणि पॅनिंग शिकायला मला त्याच अधिक आवडतात. जुन्या गाड्यांची चाके उघडी, आऱ्यांची असतात, फिरताना सुंदर दिसतात, आणि चालकही बाहेर दिसतो. दुचाकी आवडणाऱ्यांनी आसेनला जावे. तिथे जूनच्या अखेरीस होणाऱ्या शर्यतीची परंपरा १९२५ पासूनची आहे, आणि वळणावर जमिनीकडे झुकलेला स्वार १/१२५ ला पाहण्यासारखा येतो.

ज्या मुलांनी सायकलवर किंवा सर्किटवर पॅनिंगचे फोटो काढले असतील, त्यांनी पुढील अंकासाठी एकेक फोटो छापून वर्गात आणून द्यावा. मागे नाव, इयत्ता आणि शटर किती होते ते लिहावे. आपला अंक झेरॉक्सवर निघतो, त्यात बारकावे काळे पडतात हे सर्वांना ठाऊक आहेच. तेव्हा मागचा भाग चांगला पुसट झालेला, गाडी किंवा सायकल फिकट रंगाची असलेला फोटो निवडा. तो झेरॉक्समध्येही उठून दिसेल.